चालीचं कूळ विचारू नये

मँचेस्टर

ती. अप्पा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, अप्पांनी गेल्या खेपेला दोन तक्रारी एकाच पाकिटात पाठवल्या. पहिली आमच्याबद्दल: इथल्या पबमध्ये ‘पारंपरिक केल्टिक आणि ब्रिटिश’ चाली वाजवणारा जो बँड येतो, त्याला ऐकायला आम्ही सहकुटुंब का जातो? दुसरी आपल्या आळीतल्या भजनी मंडळाबद्दल: पोरं अभंगाला सिनेमाच्या चाली लावतात, सबब परंपरा बुडाली, सबब अप्पा आता मंडळात जाणार नाहीत. दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच असल्यामुळे एका पत्रात भागवतो, टपालखर्च वाचतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्या यादीत चालीचंही नाव घालायला हवं. चाल कुठल्या घरची, हे परंपरा फारसं बघत नाही; ती नीट नांदते का, एवढंच बघते. आईच्या शंकेचं निरसन आधीच करून टाकतो: हो, तिथे बिअर असते, पण वाजवणाऱ्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

आधी वाद्यांचं कूळ बघू, कारण अप्पा स्थळं पाहतानाही तिथूनच सुरुवात करतात. आयरिश संगीत म्हटलं की आठवते ती टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी. ती स्वस्तात घरोघर पोचवली रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रज माणसाने. १८४३ च्या सुमारास सफकच्या खेड्यातून निघून त्याने कारखाना थाटला तो आमच्या मँचेस्टरात. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. त्याचं माहेर इटली. बँजो अमेरिकेतून आला, आणि तिथेही तो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी घडवलेला. बुझुकी हे तंतुवाद्य ग्रीसचं, आयर्लंडमध्ये ते शिरलं १९६० च्या दशकात. कॉन्सर्टिना, म्हणजे भात्याचं बटणांचं खोकं, हा आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरच्या वादकांचा जीव की प्राण, पण तिची मूळ कल्पना लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञाची आणि क्लेअरमध्ये वाजते तिच्या बटणांची मांडणी जर्मन धाटणीची. राहता राहिलं बोदरान, डफाच्या जातीचं, छोट्या काठीने वाजवायचं वाद्य. ते अस्सल आयरिश खरं, पण त्याला मंचावर मानाची जागा मिळाली ती शॉन ओ रियाडा या संगीतकारामुळे, तीही १९६० च्याच दशकात. थोडक्यात, बँड सहा जणांचा आणि रेशनकार्डं सात मुलखांची.

चालींची वंशावळ काढायला जावं तर भटजी दमून बसतील. आयरिश लोक ज्या रीलवर जीव टाकतात, तो नाचाचा प्रकार स्कॉटलंडहून आला. हॉर्नपाइप इंग्लंडकडून आला. पोल्का एकोणिसाव्या शतकात बोहेमियातून निघून युरोपभर हिंडला आणि आयर्लंडमध्ये केरी व कॉर्क यांच्या सीमेवर असा रुजला, की आज तिथल्या गावकऱ्यांना तो परका म्हणून सांगणाऱ्याला जेवायला कुणी थांबवणार नाही. आयर्लंडच्या डॉनिगॉलचे मजूर हंगामात स्कॉटलंडला शेतीच्या कामाला जात. मजुरीबरोबर ते तिथल्या चालीही घेऊन परतत, म्हणून डॉनिगॉलच्या फिडलला आजही स्कॉटिश वळण आहे. आयरिश माणसाच्या डोळ्यांत हमखास पाणी आणणारं ‘डॅनी बॉय’ घ्या. चाल अल्स्टरमधल्या लिमावडीच्या जेन रॉस यांनी टिपलेली, १८५५ मध्ये छापलेली. शब्द १९१३ मध्ये छापलेले, फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज बॅरिस्टरचे. आणि ती चाल त्याच्यापर्यंत पोचवली अमेरिकेत राहणाऱ्या त्याच्या भावजयीने. ‘डर्टी ओल्ड टाउन’ जगभरच्या आयरिश पबमध्ये आयरिश म्हणून गातात, कारण डब्लिनर्स आणि पोग्ज या बँडांनी ते गाजवलं. प्रत्यक्षात ते १९४९ चं, युअन मॅकॉल यांचं, आणि त्यातलं ते कळकट गाव म्हणजे आमच्या नदीपलीकडचं सॅलफर्ड.

आता अप्पा चष्मा पुसून म्हणणार, “मग याला परंपरा कशाला म्हणता? भेसळ म्हणा.” यावर माझा पहिला साक्षीदार अप्पांची पेटी. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी घेतलं. हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं तिचं तत्त्व कॉन्सर्टिनाचंच. म्हणजे पबमधलं ते बटणांचं खोकं आणि आपल्या देवघराशेजारची पेटी या सख्ख्या चुलत बहिणी. शुद्धतेच्या रखवालदारांनी १९४० मध्ये पेटीला रेडिओवरून हद्दपार केलं आणि ही बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. या काळात महाराष्ट्रात कीर्तन, नाटक, भजन यांपैकी काहीही पेटीवाचून अडकून राहिलं नाही, कारण पेटी कुठेच गेली नाही. दुसरा साक्षीदार संगीत नाटक. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी पदं, लावण्या, कीर्तनातल्या आणि बायकांच्या गाण्यांच्या चाली उचलल्या. नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचं नाव राजरोस दिलेलं असे. त्या उसनवारीला आज आपण अभिजात मराठी नाट्यसंगीत म्हणतो. तेव्हा ‘भेसळ’ हा शब्द अप्पांनी दुधापुरता राखून ठेवावा.

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा: कुणी काहीही आणावं आणि काहीही वाजवावं, तर परंपरा आणि गोंधळ यांत फरक काय? फरक आहे, आणि तो या संगीतात अगदी मोजून दाखवता येतो. रीलचा हिशेब चारचा, जिग या नाचाचा सहाचा, स्लिप जिगचा नऊचा. बहुतेक चालींचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारांचा (बार म्हणजे इथे तालाचं माप; आईने घाबरू नये), प्रत्येक भाग दोनदा, एकूण बत्तीस. एक चाल दोन-तीनदा फिरवायची, की क्षणाचाही खंड न पाडता दुसरीत शिरायचं. हा काटेकोरपणा आला तो नाचणाऱ्यांच्या पायांतून. बार चुकला तर पाऊल चुकतं आणि शेजाऱ्याच्या बुटावर पडतं. अप्पा म्हणतात की यात आलाप नाही, विस्तार नाही आणि सगळ्या चाली सारख्याच वाटतात. बैठकीच्या गाण्याची फूटपट्टी लावली तर तसंच वाटणार. हे भजनाच्या जातीचं संगीत आहे: सगळ्यांनी मिळून एकच चाल वाजवायची आणि आपली करामत दाखवायची ती स्वरांच्या मधल्या बारीक हरकतींत. एका वेळी एकच बोदरान वाजावं, हा तिथला शिरस्ता. तो मोडणाऱ्याकडे सगळे ज्या नजरेने बघतात, ती नजर अप्पांना चांगली परिचयाची आहे, कारण अभंग संपल्यावर वाजलेल्या टाळाकडे तेही तसेच बघतात. परंपरेत कुळाचे नियम ढिले असतात आणि वळणाचे कडक. ग्रीक बुझुकीला कुणी हटकत नाही. बत्तीसऐवजी एकतीस बार वाजवणाऱ्याला मात्र अस्सल आयरिश आजोबासुद्धा वाचवू शकत नाहीत.

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. जुनं जसंच्या तसं जपणारी माणसं नसती, तर हा बँड आज वाजवता काय? कॉर्कहून अमेरिकेला गेलेले फ्रान्सिस ओ’नील १९०१ ते १९०५ शिकागोचे पोलीसप्रमुख होते. चाली त्यांना मुखोद्गत, पण कागदावर स्वर उतरवण्याचं काम केलं त्यांच्याच खात्यातल्या जेम्स ओ’नील यांनी. आडनाव एक, नातं नाही. १९०३ मध्ये त्यांनी १८५० चालींचा ग्रंथ काढला. पोलिसांनी एवढा मुद्देमाल मूळ मालकांना परत केल्याचं दुसरं उदाहरण निदान मला ठाऊक नाही. त्याच वर्षी सॉमरसेटमध्ये सेसिल शार्प यांनी एका माळ्याच्या तोंडून ऐकलेलं गाणं टिपलं आणि पुढे आयुष्यभर इंग्लंडची गाणी गोळा केली. या दोघांचे उपकार मोठेच. पण शार्प यांना खेड्यातलं तेवढंच खरं वाटे, कारखान्याच्या शहरातलं नाही. त्यांची चाळणी लावली तर सॅलफर्डच्या धुराड्यांचं गाणं भुशाबरोबर उडून जातं. शिवाय ग्रंथ चाल टिकवतो, वाजवत नाही. वाजवणं खुंटतं कशाने, हे १९३५ च्या आयरिश कायद्याने दाखवून दिलं. नीतिरक्षणासाठी सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा झाला, त्याचा बडगा घरोघरच्या नाचांवरही पडला, आणि ज्या स्वयंपाकघरांत पिढ्यान् पिढ्या फिडल वाजत होतं ती गप्प झाली. महायुद्धानंतर लंडनला बांधकामावर आलेल्या आयरिश मजुरांच्या भाड्याच्या खोल्या इतक्या लहान, की फिडलचा गज फिरवला तर भिंतीला लागावा. म्हणून कॅम्डन टाउनसारख्या वस्तीतल्या पबमध्ये ते वाजवायला बसले. आज ज्याला लोक प्राचीन आयरिश रीत समजतात, त्या पबमधल्या बैठकीला आकार आला तो असा, घर सोडलेल्यांच्या गरजेतून. घर सोडलेल्यांना आपलं जमवून बसायची निकड जास्तच असते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, ते उगीच नाही. तेव्हा पबला नावं ठेवताना अप्पांनी त्या परवान्याच्या कायद्यालाही चार शब्द सुनवावेत.

यावरून मला एवढंच दिसतं की परक्या चालीने परंपरा मेल्याचं उदाहरण या सगळ्या इतिहासात सापडत नाही. माणसं बसायची थांबली की ती आजारी पडते. म्हणून भजनी मंडळाबद्दल माझं मत स्पष्ट लिहितो. पोरांनी आणलेली चाल सिनेमाची आहे का, हे विचारू नका. तिच्यात अभंगाचे शब्द कळतात का, मृदंगाचा ठेका टिकतो का, मागच्या रांगेला धरता येते का आणि दहा वर्षांच्या पोराला नुसती ऐकून उचलता येते का, एवढं पारखा. या चार परीक्षांत नापास झाली तर खुशाल हाकला, मग ती खुद्द आजोबांची चाल का असेना. पास झाली तर पेटीवर साथ करा. ही पारख करायला तिथे जाणकार माणूस हजर लागतो आणि तो सध्या घरी रुसून बसला आहे. तेव्हा पुढच्या एकादशीला अप्पांनी मुकाट्याने मंडळात जावं, ही विनंती; न गेल्यास आईने पेटी उचलून पुढे चालू लागावं, ही सूचना.

तुमचा आज्ञाधारक,
थोरला