दुःखाची प्रतवारी

इंग्रजीतील दुःखवाचक विशेषणांची प्रतवारी लावण्याचा अधिकार मी कोणत्याही सनदेवाचून स्वतःकडे घेतला असून, तो तपासून पाहणारा दुसरा इसम आमच्या गावी, शेणव्यात, नसल्यामुळे, मला त्याचा अतोनात अभिमान आहे. महसुली दप्तरात भातजमीन वेगळी आणि वरकस वेगळी, तसे माझ्या दप्तरी ‘सॅड’ हे सरसकट, ‘ग्लूमी’ आभाळालाही लागू पडणारे, ‘मोर्नफुल’ला सुतकाचा वास, ‘डिजेक्टेड’ घडल्या अपयशाने मान खाली घातलेले, तर ‘डिस्पॉन्डंट’ पुढची आशाच सोडून बसलेले. आणि ‘मेलंकली’ मात्र खानदानी, कारण त्याला कारण लागत नाही, फुरसत लागते. ग्रीक वैद्यांनी त्याचे खापर काळ्या पित्तावर फोडले आणि रॉबर्ट बर्टन यांनी 1621 साली त्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्याकडच्या पित्ताला कोकमाचे सरबत पुरते.

येथे मोल्सवर्थसाहेबांविषयी बोलल्यावाचून माझ्याने राहवत नाही. 1831 साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध करून हा लष्करी गृहस्थ इंग्रजी-मराठी कोशाच्या मागे लागला आणि प्रकृती ढासळल्याने 1836 मध्ये विलायतेस परतला. उरलेले ओझे टॉमस कँडी यांनी वाहिले, तेव्हा कुठे 1847 साली तो कोश छापून निघाला. या विशेषणांच्या शेजारी एकेक मराठी शब्द बसवताना त्या दोघांची झालेली दमछाक एक मीच जाणू शकतो, असे मी म्हणू लागलो की घरातली मंडळी पाणी भरायला उठून जातात.

उठणे त्यांना भागच असते. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. हे दोन्ही तलाव आमच्या शहापूर तालुक्यात, आणि वैशाखात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यात. असल्याच एका पाड्यावरच्या बायकांनी मला अर्ज लिहायला सांगितले, तेव्हा मी तो विद्वत्तेला साजेशा इंग्रजीत योजून अर्जदारांस ‘डिस्पॉन्डंट’ ठरवले व त्याचा अर्थही समजावून दिला. त्यावर हंडा खाली ठेवीत एक आजी म्हणाल्या, “आशा सोडली तं अर्ज कशाला करायचा, गुरुजी? रागावलोय, असं लिवा.”

राग हा दुःखाच्या प्रतवारीत बसत नाही, ही माझी हरकत तेथल्या तेथे फेटाळण्यात आली. अर्ज मराठीत गेला आहे. मुंबईकर वाचकांपैकी कोणाचे सरकारदरबारी वजन असेल, तर त्यांनी त्याचा पाठपुरावा करावा. इंग्रजी मसुदा हवा असल्यास तो मी विनामूल्य पुरवीन.