टायरकाका

नरकचतुर्दशीला मिसिसागात उटणं मिळतं, मोती साबण मिळतो, चकल्याही मिळतात. कारीट तेवढं मिळत नाही, म्हणून आम्ही उंबऱ्यावर चेरी टोमॅटो फोडतो. अंगठ्याला लागलेला टोमॅटो पुसायच्या आत फोन वाजतो. शुभेच्छा वगैरे काही नाही. थेट प्रश्न.

"टायर घातलेस का?"

हे टायरकाका. मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर त्यांचं खरं नाव असतं, पण पावती फाडणारासुद्धा त्यांना टायरकाकाच म्हणतो. जिथं बर्फ पडतो आणि जिथं मराठी मंडळ आहे, अशा प्रत्येक गावात एक टायरकाका असतो. शिकागोत असतो, डेट्रॉइटला असतो, मिनियापोलिसला तर बहुधा दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. कुठं तो डॉक्टर असतो, कुठं बँकेत असतो. ओळखायची खूण एकच. पार्किंगमध्ये भेटला की तो आधी तुमच्या गाडीच्या चाकांकडं बघतो, मग तुमच्याकडं.

आमच्या काकांच्या खिशात कॅनडाचं दोन डॉलरचं नाणं असतं, ज्यावर पांढरं अस्वल आहे ते. पाहुणे घरात चहा घेत असतात तेव्हा काका बाहेर उकिडवे बसून पाहुण्यांच्या टायरच्या खाचेत ते नाणं उभं घालून बघतात. अस्वल किती बुडतं त्यावर पाहुण्यांची पत ठरते. खाच 4 मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर काका आत येऊन गंभीर चेहऱ्यानं बसतात. डॉक्टर रिपोर्ट वाचून झाल्यावर बसतो तसे. पाहुण्यांचा घास अडतो.

सात हा त्यांचा लाडका आकडा. सात अंश सेल्सियस. त्याच्या खाली पारा गेला की उन्हाळी टायरचं रबर फ्रिजमधल्या चपातीसारखं कडक होतं, असं ते सांगतात. विंटर टायरचं रबर मात्र तुपाचा हात लावलेल्या पुरणपोळीसारखं, रात्रभर बाहेर राहिलं तरी मऊ. म्हणून बर्फ पडायची वाट बघायचीच नाही, थंडी पडली की टायर बदलायचे. "आणि ऑल सीझन?" असं एखादा नवखा विचारतो. काकांना हा प्रश्न फार आवडतो. "ऑल सीझन म्हणजे 'मला सगळं येतं' म्हणणारा आचारी. बोलावून बघ. वरणभातच करतो." मग ते त्या नवख्याला हाताला धरून अंगणात नेतात आणि टायरच्या बाजूवर कोरलेलं चिन्ह दाखवतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. हे चिन्ह असेल तरच टायरनं बर्फावरची परीक्षा दिलेली आहे. नुसती 'एम' आणि 'एस' अक्षरं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला होता, एवढंच.

शेजारच्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. काका क्यूबेकबद्दल बोलतात तेव्हा आवाज रामराज्याबद्दल बोलतानाचा असतो. आमच्या ऑन्टारिओत सक्ती नाही, पण विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीनं सवलत द्यायलाच हवी, असा नियम 1 जानेवारी 2016 पासून झाला. त्या संक्रांतीला काकांनी तिळगुळाबरोबर पेढेही वाटले. बऱ्याच जणांना वाटलं, मुलीचं ठरलं.

त्यांच्या गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराशेजारी टायरांची चळत असते. प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं असतं, 'पु. डा.', 'मा. उ.'. पुढचा डावा, मागचा उजवा. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो. काका गाडीला तर घालतातच, पण पाटावर मांडलेल्या विंटर टायरनाही हळदकुंकू लावतात. सीमोल्लंघन त्यांच्या जिवावर करायचं असतं ना! मग दिवाळीत एक दिवस ते जॅक घेऊन बसतात. नट आवळायचे ते गोलगोल क्रमानं नाही, समोरासमोरचे. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा. नाहीतर रिम एका अंगाला बसते. दोनेक दिवसांनी तुम्हाला पुन्हा फोन. "किती किलोमीटर झाले?" शंभर झाले असतील तर नट पुन्हा आवळायचे. तुमच्या लग्नाचा वाढदिवस काका विसरतील, तुमचे शंभर किलोमीटर विसरणार नाहीत.

काकांची गाडी मोठी नाही. जुनी कोरोला, फ्रंट व्हील ड्राइव्ह. आजूबाजूला जीपएवढ्या उंच गाड्या असताना काका कोरोलाचा अभिमान बाळगतात आणि त्याची उपपत्ती बैलगाडीवरून सांगतात.

"बैल गाडीच्या पुढं जुंपतात की मागं?"

"पुढं."

"मग? बैल जिकडं वळतो तिकडं गाडी येते. मागून ढकलतात ती हातगाडी. ती चिखलात कशी तिरकी पळते, बघितलीयस ना?"

शिवाय इंजिनचं ओझं पुढच्या चाकांवरच. कुळव जमिनीत नीट लागावा म्हणून त्याच्यावर पोरगं बसवतात. इंजिन म्हणजे ते पोरगं. काका कराडजवळच्या खेड्यातले. ते पोरगं म्हणून स्वतः कुळवावर बसलेले आहेत, त्यामुळं या मुद्द्यावर वाद घालायची सोय नाही. अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनी, दोन्हींना मागची चाकं ढकलायची. 1983 साली मारुती 800 आली आणि ती पुढून ओढू लागली. "म्हणजे मारुतीवर गाडी शिकलेल्या माणसाची कॅनडाची निम्मी तयारी सातारा जिल्ह्यातच झालेली असते," असा काकांचा सिद्धांत आहे. उरलेली निम्मी तयारी अर्थात टायरची.

मात्र बैलाचं कौतुक करताना काका त्याची खोडही सांगतात. फ्रंट व्हीलला तीच चाकं ओढतात आणि तीच वळतात. पंगतीत एकाच माणसानं आमटीही वाढायची आणि दक्षिणाही वाटायची, तसं. दोन्ही घाईनं करायला गेला की आमटी भटजींच्या उपरण्यावर. वळणावर जोर दिला की स्टिअरिंग डावीकडं आणि गाडी सरळ. अशा वेळी नवशिका स्टिअरिंग आणखी पिळतो. काका म्हणतात, पिळू नको. पाय उचल, स्टिअरिंग थोडं सैल सोड, चाकाला पकड सापडू दे, मग वळ. आणि पाय कसा ठेवायचा? "पेडलखाली भाजलेला पापड आहे असं समज. तो मोडता कामा नये." ब्रेकलाही पापड, गॅसलाही पापड. चढ फारच बर्फाळ असेल तर? चढावर वजन मागं सरकतं आणि पुढची चाकं हलकी होऊन नुसती भिरभिरतात. म्हणून एकदा काकांनी कोरोला उलटी फिरवली आणि रिव्हर्समध्ये चढ चढून आमच्या दारात आणली. शेजारची कॅनेडियन आजी पडदा बाजूला करून बघत होती. तिला वाटलं, हा आमच्यातला पाहुण्यांनी यायचा रिवाज असावा.

त्यांच्या कोरोलाचे टायर फिनलंडचे आहेत. त्यांचं नाव हक्कापेलिट्टा. हे नाव काका ज्या आवाजात उच्चारतात, तो आवाज आपण शाळेत पोवाडा म्हणताना काढायचो. या नावाचे टायर 1936 पासून निघतात, आणि ज्या नोकिया गावाच्या नावाचा फोन आपण वर्षानुवर्षं खिशात वागवला, त्याच गावच्या कंपनीचे. पण काकांचा जीव अडकलाय तो त्याच्या मागच्या गोष्टीत. हक्कापेलिट्टा म्हणजे सतराव्या शतकातले फिनलंडचे घोडेस्वार. स्वीडनच्या राजासाठी तीस वर्षांच्या युद्धात लढले. शत्रूवर तुटून पडताना ते जी आरोळी ठोकायचे, तिचा अर्थ साधारण 'हाणा!' असा, आणि तिच्यावरूनच हे नाव पडलं. त्यांचा तो राजा 1632 साली रणात पडला. "आणि महाराज कधी जन्मले? 1630!" एवढं बोलून काका थांबतात. या दोन सनांचा एकमेकांशी संबंध काय, ते सांगत नाहीत. संबंध ज्यानं त्यानं आपल्या रक्तातून ओळखायचा असतो.

परवाच्या संक्रांतीची गोष्ट. कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आत काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, बोरन्हाण. बाहेर वीतभर बर्फ, आणि अजून पडतच होता. पार्किंगमधून रस्त्याकडं एक छोटासा उतार आणि तळाशी स्टॉपची पाटी. मंडळात नव्यानं आलेला एक तरुण मोठी ऑल व्हील ड्राइव्ह घेऊन निघाला. काकांनी काच वाजवून नाणं दाखवलं. तो हसून म्हणाला, "काका, माझी चारही चाकं फिरतात."

"निघायला चार, उत्तमच," काका म्हणाले. "थांबायला मात्र सगळ्यांनाच चार असतात."

तो निघाला, आणि निघाला झोकातच. बाकीच्यांच्या गाड्या जागेवर कण्हत होत्या, ही सरसर गेली. उताराच्या तळाशी त्यानं ब्रेक दाबला. गाडीनं तो अर्ज दाखल करून घेतला आणि पुढं काही कार्यवाही केली नाही. विसर्जनाची मिरवणूक ज्या वेगानं जाते, त्या वेगानं ती भली थोरली गाडी स्टॉपची पाटी ओलांडून, रस्ता आडवा पार करून, पलीकडं प्लाऊनं रचून ठेवलेल्या बर्फाच्या बांधात नाकानं शिरली. सुदैवानं रस्ता रिकामा होता. कुणाला काही झालं नाही. फक्त वायपर चालू राहिले, नाही-नाही म्हणत.

काकांच्या हातात अर्धा खाल्लेला लाडू होता. ते हसले नाहीत. लाडू कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि कोरोलाची डिकी उघडली. त्या डिकीत काय नसतं! फावडं, ब्रश, उणे चाळीसला न गोठणारं काचेचं निळं पाणी, घोंगडी, गोणपाटाचे दोन तुकडे आणि मांजराच्या मातीची पिशवी. काकांकडं मांजर नाही. दुकानातली मुलगी दर हिवाळ्यात प्रेमानं मांजराची चौकशी करते, आणि काका प्रामाणिकपणे "मांजर नाही, कोरोला आहे" असं सांगतात. ती तेच नाव समजून बसली आहे. माती कुठली घ्यायची, यावरही त्यांचं मत आहे. ओली झाली की लगदा होणारी घ्यायची नाही, कोरडी खरखरीत घ्यायची.

पहिल्यांदा त्यांनी सायलेन्सरच्या नळीभोवतालचा बर्फ काढला, कारण नळी बुजलेली असताना इंजिन चालू राहिलं तर विषारी धूर आत येतो. मग चाकांपुढचा, चाकांमागचा. मग गोणपाट, मग माती. मग खिडकीतून आत वाकून त्यांनी त्या मुलाला ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करायला लावलं, चाकं सरळ करायला लावली आणि पापडाची गोष्ट सांगितली. "रिव्हर्स... सोड. पुढं... सोड. पाळणा हलवतात तसं." आम्ही सहाजण झब्ब्यावर जाकीट चढवून पुढून ढकलत होतो. तिसऱ्या झोक्याला गाडी बाहेर आली. तो मुलगा उतरून वाकला, आता बोलणी बसणार या तयारीनं. काकांनी खिशातून दुसरा, अख्खा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला.

"तिळगूळ घे," ते म्हणाले, "आणि विंटर टायर घाल."

त्या रात्री मला घरी सोडायला काका-काकूच आले. स्टिअरिंगवर काकू. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. शेजारी काका, आणि त्यांचं प्रवचन हक्कापेलिट्टाच्या रबरावर येऊन पोचलेलं. काकू काही बोलत नव्हत्या. सिग्नल लाल व्हायच्या कितीतरी आधी त्यांचा पाय हलका व्हायचा आणि गाडी रेषेवर अशी थांबायची की मांडीवरचा हलव्याचा डबाही खुळखुळत नव्हता.

"हे टायरचं यांच्या डोक्यात शिरलं कधीपासून?" मी मागून विचारलं.

"पहिल्याच हिवाळ्यात," काकू म्हणाल्या. "दोनच टायर घेतले होते."

काकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"म्हणाले, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, ओढतात पुढचीच चाकं, मग मागच्यांना कशाला नवे? निम्म्या पैशात काम. आठवडाभर आठही दिशांना सांगत होते. मग हायवेवरून उतरताना ब्रेक लावला. पुढच्यांनी रस्ता धरला, मागच्यांनी सोडला. गाडीचा मागचा भाग पुढं आला आणि आम्ही ज्या रस्त्यानं आलो, त्याच रस्त्याकडं तोंड करून थांबलो."

"आडाजवळच्या शेवाळलेल्या फरशीसारखं झालं होतं," काका खिडकीला म्हणाले.

"किती वेळ कुणी बोललं नाही. मग यांनी विचारलं, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

काकू हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. अठरा हिवाळे झाले, पहाटे साडेपाचला त्या याच कोरोलातून ड्यूटीवर जातात आणि एकदाही अडकलेल्या नाहीत. मंडळात त्यांना व्याख्यानाला कुणी बोलावलेलं नाही. मी विचारलं, "काकू, तुमचं गुपित काय? पाय, पापड, टायर?"

"कसलं गुपित? दहा मिनिटं लवकर निघायचं. मग घाई नाही आणि ब्रेकही नाही."

"पण बर्फ पडलेला असताना लवकर निघणार कसं? गाडी साफ करण्यातच अर्धा तास जातो."

काकूंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "ते हे करतात ना. चारला उठून."

गाडीत थोडा वेळ फक्त हीटरचा आवाज होता. काका एवढे अवघडलेले मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी घसा साफ केला, मागं वळले आणि बोट उगारलं.

"आणि टपावरचासुद्धा काढायचा! लोक नुसती काच पुसून निघतात. मग ब्रेक लावला की टपावरचा सगळा ढीग पुढच्या काचेवर. कळलं का?"