काटा शून्यावर

तालुक्याच्या बाजार समितीच्या फाटकाशी पहाटे जाऊन उभं राहा. रांगेला लागलेल्या टेम्पो-ट्रकांत एखादी तरी चारशे सात अशी सापडतेच, जिचं सगळं चालतं, फक्त मीटर चालत नाही. हॉर्न तीन सुरांत वाजतो. पुढच्या काचेवर रंगीत दिव्यांची माळ पळत असते. टेप चालतो, पंखा फिरतो, पंख्याशेजारचा खंडोबाही लुकलुकतो. काटा तेवढा शून्यावर. या गाडीच्या मालकाला आपण आप्पा म्हणू. आप्पा नारायणगावात टोमॅटो भरताना भेटतील, सांगलीत हळद भरतानाही भेटतील. माझ्या पाहण्यातले आप्पा लोणंदचे. कांदा भरून नीरा, जेजुरी, सासवड करत ते पुण्याच्या गुलटेकडीला जातात आणि येताना मिळेल ते भाडं घेऊन येतात.

आप्पा मालकही आहेत आणि ड्रायव्हरही, आणि खरी अडचण तिथेच आहे. पगारी ड्रायव्हर असता तर मीटर बंद पडल्याचं त्याने मालकाच्या कानावर घातलं असतं. नुसता मालक असता तर त्याने ड्रायव्हरला झापलं असतं. दोघं एकाच सदऱ्यात राहत असल्यामुळे तक्रार निघते आणि तिथल्या तिथे निकाली निघते.

चारशे सात ही गाडी बाजारात आली १९८६ साली. आप्पांची इतकी जुनी नाही, पण त्यांच्या हाती येईपर्यंत तिने दोन मालक पाहिले होते. तिसऱ्याच्या वाट्याला येताना मीटर चालू होतं. मग ते आजारी पडलं. आधी डॅशबोर्डातून किर्र असा आवाज यायला लागला. मग काटा नाचायला लागला. गाडी एका लयीत चाललेली असायची आणि काटा वीसवरून साठवर आणि साठवरून वीसवर. किन्नर म्हणून बसणारा बारक्या घाबरून विचारायचा, “आप्पा, नक्की किती धरायचं?”

“मधला आकडा धरायचा. चाळीस.”

एक दिवस जेजुरीच्या अलीकडे टक् असा आवाज आला आणि काटा शून्यावर जाऊन बसला. त्याच्याबरोबर किलोमीटरचे आकडेही थांबले. म्हणजे मीटरच्या हिशेबाने ही गाडी त्या दिवसापासून जेजुरीच्या अलीकडेच उभी आहे.

गॅरेजच्या मिस्त्रीने गाडीखाली घुसून दोन बोटांत धरून तुटका तुकडा बाहेर आणला. मला ती वस्तू पहिल्यांदाच नीट बघायला मिळाली. बाहेर काळं नळीसारखं आवरण, आत पीळ दिलेली पोलादी तार, आणि तारेचं टोक चौकोनी. ते चौकोनी टोक गिअर बॉक्समधल्या छोट्या दात्याच्या चौकोनी भोकात बसतं. चाकं फिरली की दाता फिरतो, दाता फिरला की तार फिरते आणि वर डॅशबोर्डात एक लोहचुंबक गरगरायला लागतं. आप्पांच्या तारेचा चौकोन झिजून जवळपास गोल झाला होता आणि मधे पीळ उसवून तार तुटली होती. मिस्त्रीला अशा वेळी शिकवण्या घ्यायला आवडतं. तो म्हणाला, “आप्पा, गंमत बघा. ह्ये चुंबक काट्याला लागत न्हाई. त्येच्यावर अॅल्युमिनियमची वाटी असती, तिला पण लागत न्हाई. नुसतं चुंबक फिरलं की वाटी वढली जाती. आन् लई फिरू नये म्हणून वाटीला केसावानी बारीक स्प्रिंग. जेवढा वेग, तेवढी वढ.”

आप्पांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे काट्याला कुणी धरलेलंच न्हाई?”

“न्हाई.”

“मग त्येच्यावर भरवसा ठिवायचा कसा?”

ओटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. वाटीत चुंबकाने उठणारे विजेचे भोवरे तिला आपल्या मागे ओढतात, अशी त्यातली मेख. पुढे शतकभर जगातल्या बहुतेक गाड्यांचे काटे याच ओढीवर हलले. आता नव्या गाड्यांत सेन्सर आला, तार गेली. पण शुल्झसाहेबांची युक्ती आप्पांनी ज्या एका वाक्यात निकालात काढली, तेवढ्या थोडक्यात ती कुणी मोडीत काढली नसेल.

नवी केबल महाग नसते. तिच्यापेक्षा जास्त पैसे आप्पांनी आरशाला लावलेल्या गोंड्यांवर घातलेत. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ज्याच्यावाचून गाडी थांबत नाही ते मोडलंच नाही, असं ते तत्त्व. म्हणून आप्पांना कुणी बेफिकीर म्हटलं तर मला ते पटत नाही. पहाटे निघण्याआधी हातात टामी घेऊन ते सहाही टायर ठोकतात आणि कोणत्या टायरात हवा कमी आहे ते नुसत्या आवाजावरून सांगतात. ब्रेक ऑइल रोज बघतात. ब्रेकचा पाय जरा खोल गेला तर भरलेला माल तसाच ठेवून गाडी गॅरेजला लावतात, मग व्यापारी फोनवर कितीही ओरडो. डिझेलचा थेंब कुठे गळतोय ते त्यांना वासावरून कळतं. मीटर मात्र त्यांच्या लेखी पंख्याशेजारच्या खंडोबासारखं आहे, फरक इतकाच की खंडोबा चालू आहे.

आणि वेग कळत नाही असं आप्पा कधी म्हणतच नाहीत. तिशीला डाव्या बाजूचा आरसा थरथरतो. चाळिशीला बारक्याच्या बाजूचं दार खडखडतं. पन्नाशीला मागच्या फाळक्याची साखळी ताल धरते आणि साठीला डॅशबोर्डाचा कप्पा आपोआप उघडून आतले जकात-काळातले कागद बारक्याच्या मांडीवर पडतात. त्यापुढची पट्टी आप्पांनी तयार केलेली नाही, कारण त्यापुढे गाडी जात नाही. मालगाड्यांना वेगनियंत्रक बसवण्याचा नियम आला तेव्हा आप्पा म्हणाले, “आमच्या गाडीला वय झालंय, तेच नियंत्रक.”

मधे एकदा मिस्त्रीने दुसऱ्याच कामासाठी गाडी घेतली होती. काम झाल्यावर भल्या मनाने त्याने बारक्याच्या बाजूच्या दाराचे बिजागर आवळून दिले, पैसेही घेतले नाहीत. आप्पा गाडी घेऊन नीरेपर्यंत गेले आणि तिथूनच फिरून परत आले. खाली उतरून म्हणाले, “माझं चाळीस कुठं गेलं?” मिस्त्रीला काही कळेना. आप्पांनी दार धरून हलवलं, ते मख्ख उभं राहिलं. शेवटी मिस्त्रीने बिजागर पुन्हा सैल केले. आप्पा गाडी घेऊन एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “अजून अर्धा फेर सैल कर, बेचाळीसला वाजतंय.”

जिथे आवाजावर भागत नाही तिथे दगड. किलोमीटरच्या दगडाचं हे शास्त्र माझं लाडकं आहे, कारण ते खरोखर बरोबर आहे. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत नव्वद सेकंद लागले तर वेग चाळीस, बहात्तर लागले तर पन्नास, आणि साठ लागले तर साठ. पण आप्पांच्या हातात घड्याळ नाही. त्यांचं घड्याळ म्हणजे बारक्याची तंबाखू. दगड आला की आप्पा म्हणतात, “मळ.” बारक्या चुना लावून मळायला घेतो. पुढच्या दगडाला चिमूट तयार झाली तर चाळीस. नुसती मळून झाली आणि थाप मारायची राहिली असेल तर पन्नास. दगड आला तरी चुनाच लावतोय असं झालं तर आप्पा ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतात. पालखीमार्ग रुंद करायचं काम निघालं तेव्हा बरेच दगड उपटून बाजूला पडले. दगड सापडेनासे झाल्यावर दोघं मोजता मोजता इतकी तंबाखू खायचे, की सासवडला पोचेपर्यंत बारक्याची जीभ जड व्हायची.

किलोमीटर मोजले जात नसल्यामुळे इंजिन ऑइल बदलायचं कधी हाही प्रश्न होताच. आप्पांनी तो पंचांगावर सोपवला. दर अमावास्येला नवं लिंबू-मिरची, आणि ठरावीक अमावास्या झाल्या की ऑइल. ॲव्हरेज मात्र ते पैशांत काढतात. अमुक इतक्या रुपयांचं डिझेल म्हणजे एक पुणे. डिझेल महाग झालं की पुणे लांब जातं.

बंद मीटरचा एक फायदा आप्पा उघड बोलत नाहीत, पण गाडी बघायला गिऱ्हाईक आलं की तो दिसतो. गिऱ्हाईक डॅशबोर्डाकडे बघून म्हणतं, “फक्त सव्वादोन लाख?” आप्पा म्हणतात, “मीटर तर तेवढंच म्हणतंय.” यात खोटं काही नाही. शहाणं गिऱ्हाईक मीटरकडे बघतच नाही. ते खाली वाकून क्लचच्या पायावरचं रबर बघतं. आप्पांच्या क्लचचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकतंय, आणि त्या लोखंडात आपलं तोंड दिसलं की गिऱ्हाईक चहा घेऊन निघून जातं.

एकदा मी शेजारी बसलो होतो तेव्हा एका वळणावर पोलिसांनी गाडी अडवली. “फार जोरात येताय,” साहेब म्हणाले.

“साहेब, माझं मीटरच बंद आहे. जोरात होतो हे मी कबूल कशावरून करू?”

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम ११७ गाडीला वेग दाखवणारं मीटर असलं पाहिजे असं सांगतो, आणि साहेबांना तो पाठ होता. ते म्हणाले, “असं? मग त्याची वेगळी पावती फाडतो.” आप्पांनी क्षणात भूमिका बदलली. “तसं न्हवं साहेब. चाळीसच्या आतच होतो.”

“कशावरून?”

“दार वाजत नव्हतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं.

हल्ली आप्पांच्या पुतण्याने काचेवर मोबाइल चिकटवून दिलाय. त्यात उपग्रहावरून वेग दिसतो. पुतण्या डिप्लोमा झालेला, त्यामुळे त्याने प्रयोगच लावला. गाडी रिकामी असताना आप्पा “चाळीस” म्हणाले की मोबाइलवर चाळीस, क्वचित एकेचाळीस. पुतण्या थक्क झाला, आप्पा नाहीत. पण कांदा भरल्यावर घोटाळा उघडकीला आला. मोबाइल बावन्न दाखवत होता आणि दार गप्प. भरल्या गाडीत पाटे बसतात, हौदा जड होतो, फाळक्याला पोत्यांचा दाब येतो आणि जे वाजायचं ते वाजत नाही. म्हणजे वेग कळण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच आप्पांची गाडी मुकी होते. पुतण्याने हे समजावून सांगितलं. आप्पा म्हणाले, “वरनं बघणाऱ्याला गाडी दिसंल. खड्डं दिसत्यात का?” मग थोडं पुढे गेल्यावर पुटपुटले, “भरल्यावर दाराचं ऐकायचं न्हाई. आरशाचं ऐकायचं.”

दिवे घाटात मला त्यांच्याविषयी शंका येत नाही. भरली गाडी घेऊन उतरताना आप्पा ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरतात, इंजिनवर गाडी पेलतात आणि ब्रेकला अधूनमधूनच हात, म्हणजे पाय, लावतात. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना त्यांच्या केबिनमधून ज्या शिव्या मिळतात त्या छापण्याजोग्या नाहीत. लायनर तापल्याचा वास आला तर तो पुढच्याचा आहे की आपला, हे ते वळणाच्या आत सांगतात. घाटात मीटर लागत नाही, तिथे गिअरच मीटर.

माझं भांडण आहे ते सपाट रस्त्यावरचं. मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ साठने गेलं की डोळ्याला त्याची सवय होते आणि गावात शिरताना पंचेचाळीसही रांगल्यासारखं वाटतं. तिथे माणसाचा अंदाज खोटं बोलतो आणि दारही. शाळा सुटलेली असली तर ही चैन परवडत नाही, असं मी त्यांना म्हटलं. आप्पा म्हणाले, “शाळेपुढं आपला पाय ब्रेकवरच असतो.” तो असतो, मी पाहिलाय. पण त्या वेळी गाडी नेमकी किती वेगात होती हे ना त्यांना सांगता येतं ना मला.

या सगळ्याचा निकाल वर्षातून एकदा लागतो. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग. पासिंगचा दिवस ठरला की आप्पा बाजार समितीतल्या दुसऱ्या चारशे सातवाल्याकडे जातात आणि पाहुणे यायचे म्हणून शेजारच्या खुर्च्या आणाव्यात तशी त्याची केबल मागून आणतात. मिस्त्री ती जोडून देतो. त्याच केबलवर त्या भागातल्या बऱ्याच गाड्या पास झाल्यात, असं मिस्त्री सांगतो आणि कोणत्या ते सांगत नाही.

यंदा मी त्यांच्याबरोबर गेलो. ताडपत्री, रस्सा, टामी सगळं उतरवून ठेवलेलं, हौद्यात फक्त कोपऱ्याला सरकवलेली दोन पोती. बाहेर पडताच काटा झडझडून उठला. बारक्या आनंदाने ओरडला. आप्पांनी हात झटकला आणि समोर बघत गाडी चालवत राहिले. थोड्या वेळाने दार खडखडलं. आप्पा समाधानाने म्हणाले, “चाळीस.”

काटा पन्नासच्या पुढे होता.

“आप्पा, पन्नास दाखवतंय,” मी म्हटलं. मोबाइलकडे पाहिलं, तोही पन्नास म्हणत होता. मिस्त्रीने बिजागर परत आवळले असावेत, पण हे मी बोललो नाही.

आप्पांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे. मग बारक्याला म्हणाले, “मोबाइल काढ तिथनं, ऊन लागतंय त्येला.” आणि मला म्हणाले, “केबल दुसऱ्याच्या गाडीची हाय. ती त्येच्याच गाडीचा वेग दाखवणार.”

गाडी पास झाली. संध्याकाळी केबल परत करायला आप्पा स्वतः गेले, तिला नवं ग्रीस लावून. त्या मालकाच्या हातात ती ठेवली, चहा घेतला आणि निघताना काळजीने म्हणाले, “तू लई जोरात चालवतोस बघ. जरा दमानं चालवत जा.”