जसंच्या तसं

"ऐकू येतंय?"

काकांचा उजवा कान माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला टेकलेला होता. डोळे मिटलेले, एक बोट वर. त्याआधी त्यांनी पंखा बंद करायला लावला होता आणि गॅसवरचा कुकरही उतरवून ठेवायला लावला होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"टक्... टक्... खर्र. मधेच अडखळतेय बघा. दम लागलाय हार्ड डिस्कला." मग वैद्याने नाडी सोडावी तसा कॅबिनेटवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि निदान सांगितलं, "एसएसडी टाका."

कुठलाही रोग न्या, काकांकडे औषध हे एकच. कॉम्प्युटर हळू चालतो? एसएसडी. प्रिंटर कागद ओढत नाही? "ते नंतर बघू, आधी एसएसडी." तळमजल्यावरच्या आजी मोबाइल तापतो म्हणून आल्या तेव्हा मात्र ते गप्प बसले. मोबाइलमध्ये त्याच जातीची चिप आधीपासूनच असते, त्यामुळे सुचवायला काही उरलं नव्हतं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या इमारती आहेत, पाणी नसलेल्या आहेत, पण असे एक काका नसलेली इमारत मी पाहिलेली नाही. ते पैसे घेत नाहीत. घेतात तो तुमचा अख्खा रविवार, दोन वेळचा चहा, पोहे आणि काम चालू असेपर्यंत घरातल्या प्रत्येक माणसाचं संपूर्ण लक्ष.

वस्तू कुठून आणायची हेही तेच ठरवतात. माझा भाचा ऑनलाइन मागवायला निघाला होता आणि त्याने चक्क बोटभर लांबीची, पट्टीसारखी एम-डॉट-टू जातीची एसएसडी पसंत केली होती. काकांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. "बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब. छान आहे. घालणार कुठे? ह्यांचा बोर्ड दोन हजार चौदाचा. त्याला ती खाचच नाही. खिशात घालून फिरणार का?" मग काका आणि मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव देऊन कैक वर्षं झाली, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी अजून लॅमिंग्टनच आहे. तिथे काकांनी सहा दुकानांत भाव विचारला आणि पहिल्याच दुकानातून २४० जीबीची घेतली. परतीच्या लोकलमध्ये ती पिशवी त्यांनी रॅकवर ठेवू दिली नाही. मी म्हणालो, "काका, हिच्यात हलणारं काही नसतं ना? मग धक्क्याला काय भ्यायचं?" ते म्हणाले, "तत्त्व म्हणून."

काकांचं मुख्य तत्त्व मात्र वेगळंच आहे, आणि त्यापायी अर्ध्या इमारतीतल्या तरुण मुलांशी त्यांचं पटत नाही. ही मुलं फ्रेश इन्स्टॉलवाली. नवी डिस्क घाला, नवं विंडोज टाका, जुनं विसरा. काका क्लोनवाले. जुन्या डिस्कवर जे जसं आहे ते तसंच्या तसं नवीवर उतरलं पाहिजे: वॉलपेपरवरचा नातू, डेस्कटॉपवरचे सत्तेचाळीस आयकॉन, 'न्यू फोल्डर' आणि त्याच्या आतला 'न्यू फोल्डर'. रिसायकल बिनमधला कचरासुद्धा. "वाडा पाडून टॉवर बांधणाऱ्यांतला मी नाही," असं ते म्हणतात. एकदा एका घरी त्यांनी इतकं हुबेहूब स्थलांतर केलं की जुना व्हायरसही सामानाबरोबर आला. काकांना त्याचं दुःख नव्हतं. "तोही त्याच फोल्डरमध्ये सापडला," हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

हसायला ठीक आहे, पण मी काकांच्याच पक्षाचा, आणि त्याला कारण आहे. आम्ही मराठीत लिहिणाऱ्यांनी युनिकोड रुळायच्या आधीची कितीतरी वर्षं शिवाजी, श्रीलिपी असल्या फाँटांत काढली. त्या फायलींच्या पोटात मराठी नसतंच मुळी. असतात ती रोमन अक्षरांची चिन्हं, आणि फाँट त्यांना मराठीचा सदरा घालतो. फाँट गेला की सदरा गेला. याच भाच्याने मागे एकदा उत्साहाने माझा कॉम्प्युटर 'स्वच्छ' करून दिला, तेव्हा दिवाळी अंकासाठीचा माझा लेख कुणीतरी कीबोर्डवर मांजर सोडल्यासारखा दिसायला लागला. भाचा म्हणाला, "मामा, फाइल करप्ट आहे." फाइल धडधाकट होती, तिचे कपडे कुणीतरी धुवायला नेले होते, इतकंच. काकांनी कुठल्याशा जुन्या सीडीवरून तो फाँट शोधून आणला आणि लेख पुन्हा माणसात आला. (लेख अंकात आला नाही, पण तो दोष फाँटचा नव्हता.)

तेव्हा रविवार ठरला. आदल्या रात्री चेकडिस्क लावून झोपायची आज्ञा होती. डिस्कवर खराब जागा असतील तर त्या आधी कळाव्यात. लग्नाआधी पत्रिका बघतात तसंच हे. सकाळी साडेनऊला काका आले. हातात बँकेच्या कॅलेंडरबरोबर मिळालेली पिशवी. तिच्यात चुंबकाच्या टोकाचे स्क्रू-ड्रायव्हर, धूळ झटकायला रंगाचा ब्रश, यूएसबीला जोडायची एक केबल, स्क्रू ठेवायला औषधाची रिकामी डबी आणि देवळातल्या लाल दोऱ्यात ओवलेला एक पेन ड्राइव्ह. त्या पेन ड्राइव्हवर क्लोनझिला असतो. "तैवानच्या लोकांनी केलाय," काका अभिमानाने सांगतात. "फुकट. आणि आपल्याकडे सोसायटीचा हॉल द्यायलासुद्धा पैसे घेतात."

कॅबिनेट उघडण्याआधी त्यांनी त्याच्या पत्र्याला बोटं लावली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून लावतात, हे मला माहीत होतं, पण त्यांनी ती लगेच कपाळालाही लावली. मग ब्रशने धूळ काढताना व्याख्यान सुरू झालं. जुन्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि वाचणारं टोक तिला न टेकता वरून तरंगत जातं. "एवढ्या वर्षांत तुम्ही तरी इतके फिरलात का?" नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाही. बारीक बारीक घरांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. ही युक्ती तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात काढली. सगळं पुसलं जातं ते कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसं एका दमात, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने 'फ्लॅश' हे नाव सुचवलं. "म्हणजे बघा," काका म्हणाले, "ही शाळेतली पाटी. एकच अक्षर खोडून दुसरं लिहिता येत नाही. पुसायची तर पाटीच्या पाटी. म्हणून थोडी जागा मोकळी सोडायची. भरगच्च भरली की हिला लिहायला कोपरा शोधावा लागतो."

माझ्या बायकोने इथे रास्त प्रश्न विचारला. खोक्यावर २४० लिहिलंय आणि कॉम्प्युटर २२३च का दाखवतो? काकांचा चेहरा उजळला. "वहिनी, बिल्ट-अप आणि कार्पेट! कंपनी हजाराने भागते, विंडोज एक हजार चोवीसने." डोंबिवलीत घर घेतलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

माझी जुनी डिस्क पाचशेची. तिच्यातलं सगळं नव्या घरात मावणार नव्हतं. डी ड्राइव्ह जुन्या डिस्कवरच राहणार, न्यायची ती सी, तीही आधी आखडून. भाच्याला वाटलं, सगळं सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट. काकांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "सीच्या शेजारी शंभर एमबीची एक खोली असते. विंडोज ती तुला दाखवत नाही. पण सकाळी घराची किल्ली तिथूनच निघते. सामान नेलंस आणि किल्ली विसरलास, तर दाराबाहेर बसशील सामान घेऊन."

आणि मग तो क्षण आला. कुठली डिस्क मूळ, कुठली नवी, हे ठरवण्याचा. एरवी अखंड बोलणारे काका इथे एकदम बदलले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टीव्ही बंद करवला. भाच्याला खोलीबाहेर काढलं. दोन्ही डिस्कांवरचे क्रमांक कागदावर लिहिले, त्यांच्यासमोर 'देणारी' आणि 'घेणारी' असं लिहिलं आणि तो कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. एकदा. दोनदा. क्लोनझिलाही खात्री आहे ना म्हणून विचारतो, पण काकांपुढे तो फारच बेफिकीर वाटला. तिसऱ्यांदा वाचताना मी कंटाळून "हो हो, तेच" म्हणालो तर ते इतके रागावले की मला माझे गणिताचे सर आठवले. "तेच नाही. आकडे म्हणा."

मी आकडे म्हणालो. त्यांनी एंटर दाबलं. हात किंचित थरथरत होता, वयामुळे असेल असं मी धरून चाललो.

पुढचं सगळं सोपं होतं. पट्टी सरकत राहिली, दुसरा चहा झाला. विंडोज दहाची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि अकरा नंबरला माझं जुनं यंत्र चालत नाही, यावर काकांनी जे काही म्हटलं ते छापण्यासारखं नाही. जुनी डिस्क त्यांनी काढून बाजूला ठेवली. दोन्ही एकदम जोडल्या की एकाच वर्गात एकाच हजेरी क्रमांकाची दोन मुलं बसवल्यासारखं होतं, 'हजर' कुणी म्हणायचं कळत नाही. "आणि महिनाभर हिच्यावरची सी पुसायची नाही. नव्या घरात नळ गळतो का ते आधी बघायचं." नवी डिस्क बसवायला जागा मोठी आणि ती लहान निघाली, तेव्हा त्यांनी सरळ दोन्हीकडे चिकटणारी टेप लावून ती आत चिकटवली. लोकलमधलं तत्त्व तोवर विसरलेलं होतं.

बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. बायकोने माझ्याकडे पाहिलं. काकांनी शांतपणे बंद केलं, पुन्हा चालू केलं, डिलीट दाबत राहिले, आणि आतल्या यादीत कुणाला आधी विचारायचं तो क्रम बदलला. मनगटावरच्या एचएमटीत पाहत म्हणाले, "आता." चौदा सेकंद. सत्तेचाळीस आयकॉन, 'न्यू फोल्डर', नातू. आधी याला पावणेचार मिनिटं लागायची. तेवढ्यात मी चहा टाकायचो, उकळायचो, गाळायचो, आणि आज काय लिहायचं ते उद्यावर ढकलायचो. ही सोय आता गेली. यावर काकांकडे इलाज नाही.

कॅबिनेट बंद केल्यावर एक स्क्रू उरला. तो द्यायला संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर काका बी विंगमध्ये दुसऱ्या पेशंटकडे. काकूंनी बसवलं. मी सहज म्हणालो, "काका फार काळजी घेतात हो. आकडे तीनतीनदा वाचायला लावले."

"लावणारच," काकू म्हणाल्या. "पहिली डिस्क आमचीच बदलली ना. देणारी-घेणारी उलटी झाली. रिकामी होती ती भरलेलीवर उतरली. हुबेहूब उतरली हां, एक फोटो राहिला नाही. आम्ही काशीला जाऊन आलेलो. तो अख्खा प्रवास गेला. चार दिवस जेवले नाहीत नीट. पाचव्या दिवशी तिकिटं काढून आले."

"कुठली?"

"काशीची. पुन्हा गेलो. तोच घाट, तीच वेळ, मला साडीपण तीच नेसायला लावली. माझ्या हातात द्रोण तसाच."

टीव्हीच्या कपाटावर तो फोटो होता. दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या, डाव्या कडेला काका, उजव्या कडेला द्रोण घेतलेल्या काकू. मध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा मोकळी.

"पहिल्या खेपेला सासूबाई होत्या," काकू म्हणाल्या, आणि स्क्रू औषधाच्या डबीत टाकून आल्या.