खिडक्या कुणी मोजल्या?

१६ डिसेंबर २०२१. पुण्यात किती जणांना ही तारीख आठवते? पहिली ते चौथीच्या मुलांना त्या दिवशी शाळेचं दार उघडं दिसलं. कोविडमुळे ते बंद झालं होतं मार्च २०२०च्या मध्यावर. मधे २१ महिने गेले. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल पहिलीचा वर्ग न पाहताच दुसरीच्या बाकावर येऊन बसलं.

त्या २१ महिन्यांत काय काय उघडलं, तेही लिहून ठेवू. ऑगस्ट २०२०मध्ये मॉल उघडले. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार. ५ नोव्हेंबरला थिएटरं. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या मुहूर्तावर, मंदिरं, मशिदी आणि चर्च. दुसऱ्या लाटेत हे सगळं पुन्हा बंद झालं आणि लाट ओसरल्यावर पुन्हा उघडलं. दोन्ही वेळा पहिली-दुसरीची पोरं रांगेत शेवटी होती.

पेठेतलं एखादं मिशन कंपाउंड डोळ्यांसमोर आणा. एकच फाटक. आत शिरलं की एका बाजूला देऊळ (आपले मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात), दुसऱ्या बाजूला शाळा. उंच छताच्या सहा-सात खोल्या, पुढे व्हरांडा, मधे चिंच नाहीतर कडुनिंब. पट शंभर-सव्वाशेचा. मोठ्या बाईंना प्रत्येक मूल नावानिशी माहीत, त्याच्या घरात कोण आजारी आहे तेही माहीत. नोव्हेंबर २०२०मध्ये या फाटकातून मोठी माणसं रविवारी उपासनेला आत जाऊ शकत होती. सोमवारी त्याच फाटकातून तिसरीचं मूल आत जाऊ शकत नव्हतं. आणखी १३ महिने.

हा निर्णय घेणाऱ्यांपैकी कुणी त्या शाळेच्या खिडक्या मोजल्या होत्या का? माझा सगळा राग या एका प्रश्नात आहे.

शाळा उघडायची की नाही, याची चर्चा आपण तारखेवर केली. २३ नोव्हेंबर, ४ जानेवारी, १ फेब्रुवारी, ४ ऑक्टोबर, १ डिसेंबर. राज्याने एक तारीख द्यायची, पुण्याने ती पुढे ढकलायची. पालक रात्री बातम्या बघायचे आणि सकाळी गणवेश पुन्हा कपाटात जायचा. कोणती शाळा, केवढी खोली, किती मुलं, वारा कुठून येतो, हे प्रश्न निर्णयाच्या टेबलावर आलेच नाहीत. पाच हजार मुलांचा बंद काचांचा कॅम्पस आणि सव्वाशे मुलांची व्हरांड्याची शाळा, दोघांना एकच कुलूप लावलं.

याच पुण्यात, याहून भयंकर साथीत, एका बाईने हा प्रश्न सोडवला होता. १८९७ साली.

प्लेग १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला आला आणि तिथून पुण्यात पोचला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा केला. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात लागू केला तो हाच कायदा, १२३ वर्षांचा. प्लेग अधिकारी रँडची माणसं घराघरांत शिरत होती. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या.

नेमक्या याच महिन्यांत पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणत होत्या. स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेली ही बाई. उपाशी पोरींना सोडून येणं तिला जमणारं नव्हतं. सुमारे ३०० मुली-बायका. आणि पुण्यातलं त्यांचं शारदा सदन म्हणजे छोटी, टीकेने वेढलेली शाळा. १८८९मध्ये मुंबईला सुरू झालेली, १८९०मध्ये पुण्यात आलेली. रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला होता. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं, पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३मध्ये गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यात त्यांच्या बाजूने बोलणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

त्यात प्लेग. नव्या मुली शहरात आणून ठेवायला बंदी झाली. तीनशे पोरी, घर नाही, पुढे पावसाळा.

रमाबाईंनी शाळा बंद केली नाही. त्यांनी शाळेची जागा बदलली. पुणे-दौंड मार्गावर केडगावला त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती, सदनाला उत्पन्न असावं म्हणून. मुलींना त्यांनी तिथे नेलं. तात्पुरता निवारा उभारला आणि उघड्या रानात शिकवायला सुरुवात केली. मुक्ती मिशन उभं राहिलं ते या प्लेगमुळे आणि या दुष्काळामुळे. आणि केडगावच्या कामात धर्माचा आडपडदा नव्हता. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

आता यातलं शास्त्र बघा, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. प्लेगचा जंतू येरसँने १८९४मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो, हे सिमाँने कराचीत दाखवलं १८९८मध्ये. म्हणजे १८९७च्या उन्हाळ्यात पिसू गुन्हेगार आहे हे रमाबाईंना माहीत नव्हतं, सरकारलाही नव्हतं. तरी उंदरांनी पोखरलेली दाट वस्ती सोडून मोकळ्या रानात जाणं हा उपाय अचूक होता. आपल्या आज्या-पणज्यांनी प्लेगात गावाबाहेर झोपड्या बांधल्या, त्याही याच शहाणपणाने. कारण नंतर कळलं, उपाय आधी सापडला.

कोविडचं उलटं झालं. कारण लवकर कळलं आणि उपाय आपण केला नाही. २०२०च्या उत्तरार्धापर्यंत जगभरच्या शास्त्रज्ञांना स्पष्ट दिसत होतं की हा विषाणू बंद खोलीतल्या कोंडलेल्या हवेत पसरतो, आणि मोकळ्या हवेत धोका खूप कमी असतो. मग शाळांना आपण काय सांगितलं? थर्मल गन घ्या. सॅनिटायझर घ्या. बाकं फवारा. पालकांची संमतीपत्रं गोळा करा. शिक्षकांच्या आरटीपीसीआर चाचण्या करा. मास्क आणि अंतर याबद्दल माझी तक्रार नाही, ते हवंच होतं. चाचण्याही हव्या होत्या. पण छोट्या शाळेने खर्च केला तो बाटल्यांवर आणि बंदुकांवर. गंजलेल्या बिजागऱ्यांची खिडकी उघडायला सुतार बोलावला असता, तर शंभर बाटल्यांपेक्षा जास्त उपयोग झाला असता. झाडाखाली सतरंजी टाकायला तर काहीच खर्च नव्हता. शांतिनिकेतनात १९०१पासून झाडाखाली वर्ग भरतात. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला १९०४मध्ये आजारी, अशक्त मुलांसाठी रानातली शाळा काढली होती. साथ आली की शाळा बाहेर काढायची, ही कल्पना कुणाला नव्याने सुचायची गरज नव्हती.

आणि कोण आधी यायला हवं होतं? डेन्मार्कने १५ एप्रिल २०२०ला, म्हणजे आपण सगळे घरात कोंडलेले होतो तेव्हा, सगळ्यात लहान मुलांच्या शाळा सगळ्यात आधी उघडल्या. छोटे गट, जमेल तेवढं मैदानावर. जुलै २०२१मध्ये आपल्याच आयसीएमआरच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात, लहान मुलं या विषाणूला मोठ्यांपेक्षा चांगली तोंड देतात. आपण काय केलं? नववी ते बारावी आधी, मग पाचवी ते आठवी, आणि अक्षरं गिरवणारी पोरं सर्वांत शेवटी. परीक्षा ज्यांची जवळ, ते आधी. बोर्डाचा निकाल आपल्याला दिसतो. वाचायला न शिकलेलं सात वर्षांचं मूल कुठल्याच यादीत दिसत नाही.

भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२०ला पुण्यातच सापडले. भवानी पेठेने पहिल्या लाटेत काय सोसलं, ते तिथल्या माणसांना विचारा. दुसऱ्या लाटेत आपण ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री फोन लावत होतो. एप्रिल-मे २०२१मध्ये शाळा बंद ठेवल्या, ते बरोबरच केलं. एका खोलीच्या घरात आजी असेल, तर नातवाला शाळेत पाठवताना आईचा हात थरथरणारच. पण साथ २१ महिने एकसारखी चढलेली नव्हती. लाटांच्या मधे महिने होते. ते महिने आपण वाया घालवले.

आणि घरी काय चाललं होतं? ऑनलाइन. घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर. शिक्षिका एका बाजूला मोबाइलवर शिकवतायत आणि दुसऱ्या बाजूला कोविड सर्वेक्षणाचे कागद घेऊन दारोदार फिरतायत. छोट्या विनाअनुदानित शाळेत फी थकली की पगार थकतो.

राज्याने एक चांगली गोष्ट केली होती, ती सांगितली पाहिजे. जुलै २०२१मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे की नाही, हे ठरवायचा अधिकार गावाला दिला. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती, ग्रामपंचायतीचा ठराव, महिनाभर गावात रुग्ण नको. उत्तम. जागेवरच्या माणसाने जागा बघून ठरवायचं. मग हा अधिकार गुरुवार पेठेला का नव्हता? गावाचं शहाणपण चालतं आणि पेठेतल्या शाळेच्या मोठ्या बाईंचं चालत नाही? तिथे पालक, मुख्याध्यापिका, वॉर्डातला डॉक्टर आणि देवळाचे पाळक यांना एकत्र बसवलं असतं, तर तासाभरात ठरलं असतं: खोलीत पंधरा मुलं, एक दिवसाआड, डबा व्हरांड्यात, परिपाठ झाडाखाली, आणि देवळाचं मोठं सभागृह सोमवार ते शनिवार वर्गासाठी. रविवारी उपासनेला जी हवा पुरते, ती सोमवारी पाढ्यांनाही पुरते.

रमाबाईंची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. मे १८९७मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायका सुरक्षित नाहीत, हे उघडपणे सांगितलं आणि आपल्या एका मुलीचं तिथे काय झालं याचा जाब विचारला. गव्हर्नर सँडहर्स्टच्या सरकारने आरोप झटकून टाकले, पण ते पत्र ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गाजलं. ख्रिस्ती झालेली, पुण्याने टाकलेली ही बाई ख्रिस्ती सरकारला सुनावत होती. मूल आजारापासून वाचवलं म्हणजे काम संपलं, असं त्या मानत नव्हत्या. मूल कुणाच्या ताब्यात आहे, त्याच्याकडे कोण बघतंय, हेही सुरक्षिततेतच येतं. २०२०-२१मध्ये शाळेबाहेर राहिलेल्या मुलींचं कुणाकुणाच्या घरात काय झालं, किती जणींची लग्नं लागली, किती मुलं कामाला लागली, याचा जाब कुणी विचारला?

१६ डिसेंबरला उघडलेली शाळा किती टिकली तेही सांगतो. मिशन शाळांना नाताळच्या सुट्टीआधी जेमतेम आठवडा मिळाला. जानेवारी २०२२च्या पहिल्याच आठवड्यात ओमायक्रॉनमुळे पहिली ते आठवीचे वर्ग पुन्हा बंद. उघडले १ फेब्रुवारीला, तेही प्राथमिकचे अर्धा दिवस. या बंदच्या वेळीही खिडक्या कुणी मोजल्या नाहीत.

पुढची साथ येईल. कधी, ते मला माहीत नाही. पण तेव्हा नियम लिहायला बसलो तर पुन्हा तारखाच लिहू. म्हणून नियम आता लिहायला हवेत, शाळा सुरू असताना. महापालिकेच्या शिक्षण विभागाने येत्या जूनच्या आत शहरातल्या प्रत्येक शाळेची, मिशनच्या, महापालिकेच्या, खासगी, सगळ्यांची नोंद करावी: खोल्या किती, प्रत्येक खोली केवढी, हवा आरपार जाते का, अंगण आहे का, आणि साथीत तिथे एका वेळी किती मुलं बसू शकतात. तो आकडा वर्गाच्या दारावर रंगवावा. शंभर-दीडशे पटाच्या शाळेला वॉर्डातल्या डॉक्टरच्या सहीने उघडायचा अधिकार असेल, हे आजच ठरावात लिहावं. मंडळींनी आणि पाळकांनी देवळाचं सभागृह वर्गासाठी देण्याचं पत्र शाळेच्या फायलीत लावून ठेवावं.

आणि पालकांनो, जूनमधल्या पहिल्या पालकसभेत फी, गणवेश, सहल यांच्या आधी एक प्रश्न विचारा: आमच्या मुलाच्या वर्गाला खिडक्या किती, आणि त्यातल्या उघडतात किती?