आडव्या-उभ्याचं अध्यात्म

पीट मोंद्रियान हा डच चित्रकार १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये वारला आणि मगच त्याची खरी भरभराट सुरू झाली. आज तो मग, मोजे, मोबाइलचं कव्हर, उशीचा अभ्रा आणि पायपुसणं या पंचमहाभूतांत विलीन झालेला आहे. कृती सोपी. पांढऱ्यावर काळ्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारायच्या, मधल्या दोन-चार खणांत लाल, पिवळा, निळा भरायचा आणि किमतीच्या चिठ्ठीवर 'डे स्टाइल चळवळीपासून प्रेरित' असं छापायचं. लग्नपत्रिकेवर गणपती, तसा वस्तूवर मोंद्रियान. कार्य कुठलं का असेना.

यावर नाक मुरडणारी जाणकार मंडळी आहेत. थोर कलावंताचा बाजार मांडला म्हणून ती हळहळतात. मला उलट वाटतं, की मोंद्रियान कुणाला कळला असेल तर तो या पायपुसणंवाल्यांनाच.

मुळात ठरलंच तसं होतं. थेओ वान डूसबुर्खने १९१७ साली लायडनमध्ये 'डे स्टाइल' नावाचं मासिक काढलं. चित्र, घर, खुर्ची, सगळं एकाच शिस्तीत बसवायचं, असा या मंडळींचा बेत. मोंद्रियान तर पुढे लिहूनच गेला, की एक दिवस भोवतालचं जगणंच इतकं समतोल होईल की वेगळी चित्रं काढायची गरज उरणार नाही. कला जीवनात विरघळेल. घ्या, विरघळली! १९८० च्या दशकात लॉरियलने 'स्टुडिओ लाइन' नावाची केसांची प्रसाधनं काढली, तेव्हा ती थेट जेलच्या वेष्टनावर विरघळली. डोक्यात जाणारी कला यापरती कोणती?

अध्यात्माची बाजूही पाहिली पाहिजे. मोंद्रियान १९०९ साली थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. ही तीच संस्था, जिच्या संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७९ मध्ये आधी आपल्या मुंबईत बिऱ्हाड केलं आणि मग अड्यारला हलवलं. मोंद्रियानच्या लेखी उभी रेघ म्हणजे पुरुष, चैतन्य. आडवी म्हणजे स्त्री, जडसृष्टी. दोघी काटकोनात भेटल्या की विश्वाचा समतोल. ही भेट आता न्हाणीघराच्या दाराशी ओल्या पायांखाली रोज होते. कोणत्या तत्त्वज्ञानाला इतकी घरं मिळाली?

या सगळ्यात मला मनापासून आदर आहे तो फॅशन डिझायनर ईव्ह सां लोराँबद्दल. आईने मोंद्रियानवरचं पुस्तक भेट दिलं आणि लेकाने १९६५ च्या हिवाळी संग्रहात त्याचे झगे शिवले. वाचलेल्या पुस्तकाचा इतका उपयोग आपल्याकडे पीएच.डी.वालेसुद्धा करत नाहीत. पण शिवण बघण्यासारखी आहे. बाईच्या अंगाला सरळ रेघ नसते, ही निसर्गाची चूक मोंद्रियानच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. कापडावर चौकोन छापले असते तर छातीशी आणि कमरेशी त्यांची वाट लागली असती. म्हणून छापील कापड घेतलंच नाही. लोकरी जर्सीचा एकेक तुकडा वेगळा कापला, काळ्या पट्ट्याही वेगळ्या कापून जोडल्या आणि अंगाला बसण्यासाठी लागणारा सगळा बाक त्या जोडांत दडवला. झगा अंगात असूनही सपाट दिसतो. सप्टेंबरात तो पॅरिसच्या 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आला. मग स्वस्त नकलांचा पूर आला, आणि शिंप्याने जिवाचं रान करून लपवलेला बाक नकलांनी एका धुण्यात उघडा पाडला असणार.

'ला व्ही क्लेअर' या फ्रेंच सायकलपटूंच्या संघाने हेच चौकोन जर्सीवर चढवले, पण सायकलवर ओणवं झाल्यावर एक रेघ उभी राहील तर शपथ. मोंद्रियानला हे खपलं नसतं. वान डूसबुर्खने १९२४ मध्ये चित्रात तिरकी रेघ आणली, तेव्हा या गृहस्थाने डे स्टाइलशी फारकत घेतली. भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटतात, इथे पंचेचाळीस अंशांवरून फुटली. गंमत अशी, की हा स्वतः अख्खा कॅनव्हास टोकावर उभा करून रंगवायचा. चौकट तिरकी चालेल, रेघ नाही. असा बाणा बाजाराला परवडत नाही. बाजार उशी कशीही ठेवू देतो.

आणि उशी उलटी ठेवली म्हणून कुणी हसू नये. रंगीत चिकटपट्ट्यांचं त्याचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे १९४१ चं चित्र जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात आहे. ते अनेक दशकं उलटं टांगलेलं असावं, हे २०२२ मध्ये तिथल्याच अभ्यासक बाईंच्या लक्षात आलं; मोंद्रियानच्या स्टुडिओतल्या जुन्या फोटोत पट्ट्यांची दाटी वरच्या बाजूला होती, भिंतीवर ती खाली. आता सुलटं करावं तर सुकलेल्या पट्ट्या गळून पडतील, म्हणून ते तसंच उलटं ठेवलं आहे. तज्ज्ञांची ही तऱ्हा, तर मग बिचाऱ्या मोज्यांवरच डूख का?

चित्रकार जाऊन सत्तर वर्षं झाली की युरोपात स्वामित्वहक्क संपतो. तो २०१५ च्या १ जानेवारीला संपला आणि रान मोकळं झालं. २०१७ साली डे स्टाइलची शंभरी आली, तेव्हा हेग शहराने आपल्या पांढऱ्याशुभ्र नगरभवनालाच लाल-पिवळे-निळे चौकोन डकवले. मगावर भागलं नाही की इमारत.

एका गोष्टीकडे मात्र उद्योजकांचं अजून लक्ष गेलेलं दिसत नाही. मोंद्रियान हयात असताना चौकोनांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं. पॅरिसमध्ये पोटासाठी तो फुलांची चित्रं रंगवून विकायचा. फुलं म्हटली की पानं आली, आणि हिरव्या रंगाचा तर या माणसाला तिटकारा. त्याच्या स्टुडिओत फुलदाणीत एक खोटी ट्युलिप असायची, तिचं पानही त्याने पांढरं रंगवून टाकलेलं. स्वतः आचार्यांनी रोज डोळ्यांसमोर ठेवलेली वस्तू ती, आणि तीच संग्रहातून गाळली? तेव्हा काढा लवकर. प्लॅस्टिकची ट्युलिप, पांढरं पान, दोनचा संच, मर्यादित आवृत्ती. आणि पान हिरवं हवं असेल तर थोडे जास्त पैसे पडतील.