व्यासांना वकील नव्हता

महाभारतातला दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला ओळख दाखवत नाही. सगळं आठवत असून चक्क थाप मारतो. तिथे शाप नाही आणि अंगठीही नाही. कालिदासाने दुर्वासांना मध्ये घातलं, अंगठी माशाच्या पोटात ढकलली आणि राजाला सोयीस्कर विसर पाडला. कथा वापरायची परवानगी कुणाची घेतली? कुणाचीच नाही. आज असतं तर पात्राची परस्पर रंगसफेदी केली म्हणून व्यासांच्या वारसांनी दावाच ठोकला असता. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हीच शकुंतला पुण्यात मराठी पदं गात उभी केली आणि आपल्या संगीत नाटकाचा संसार थाटला. मानधनाचा हिशेब मागायला उज्जैनहून कुणी आलं नाही.

आता आपण शहाणे झालोय. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क १९९१च्या अखेरीस संपणार, तेवढ्यात सरकारने लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत ५० वर्षांवरून ६०वर नेली. लेखकाने लिहितं राहावं म्हणून असले कायदे असतात म्हणे. पण १९४१ सालीच गेलेल्या गुरुदेवांनी त्या वाढीव दहा वर्षांत एकही नवी कविता लिहिल्याचं ऐकिवात नाही.